चाळिशीनंतरची ताकद : प्रस्तावना

चाळिशी ओलांडली की माणसाला डॉक्टरांपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकच सल्ला देतात : चाला, भात सोडा, वजन उतरवा. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत तर तो कित्येकांना लागूच पडत नाही. इथल्या पाड्यांवर चालायला कुणी कमी पडत नाही आणि वजनाचा काटाही अनेकांच्या बाबतीत फारसा पुढे सरकलेला नसतो. तरीही पंचेचाळिशीत गुडघे धरतात, कंबर साथ देत नाही, तांदळाचं पोतं हलवायला दुसऱ्याला हाक मारावी लागते आणि तपासणीत साखर वाढलेली निघते. या तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा एक गोष्ट असते आणि तिच्याविषयी मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. वय वाढतं तसे स्नायू कमी होत जातात. ते कसे टिकवायचे, कसे वाढवायचे आणि त्यासाठी काय खायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तक शहापूर तालुक्यातलं आटगाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. कसारा मार्गावरचं हे स्टेशन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ९५ किलोमीटरवर आहे. एका बाजूला माहुलीचा डोंगर, दुसरीकडे तानसा-भातसाचं खोरं. इथे दोन तऱ्हांचं आयुष्य शेजारी शेजारी नांदतं. पहाटेची लोकल धरून ठाणे-दादर गाठणारा नोकरदार दिवसाचे चार-पाच तास प्रवासात आणि आठ तास खुर्चीत घालवतो. त्याच गावातली बाई आषाढात खाचरात वाकून लावणी करते, उन्हाळ्यात पाण्यासाठी लांब चालते, आणि पाड्यावरची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मुंबईची तहान भागवणारी तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ पासून उभं आहे. तरीही मार्च उजाडला की तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. या दोन्ही आयुष्यांना एकच आरोग्यपत्रक पुरेल असं समजणं हा अन्याय आहे.

गेल्या चाळीसेक वर्षांत इथल्या अंगमेहनतीचं स्वरूप फार बदललं. उखळ-मुसळ गेलं, भातगिरणी आली. पाट्या-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतली. नांगराच्या जागी पॉवर टिलर आला, मोळीच्या जागी गॅस आला, दुचाकी दारात आली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. बायकांच्या मानेवरचा भार उतरला याचं दुःख करणाऱ्याने स्वतः एकदा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढ चढून पाहावा. पण शरीराच्या बाजूने पाहिलं तर रोजच्या रोज नकळत मिळणारा जोर हळूहळू बंद झाला आणि त्याच्या बदल्यात दुसरं काही आलं नाही. ताट मात्र पूर्वीचंच राहिलं, भाताचा ढीग आणि पातळ आमटी. त्यात संध्याकाळचा वडापाव आणि दिवसातून चार वेळा साखरेचा चहा यांची भर पडली.

‘आम्ही शेतात राबतो, आम्हाला कसला व्यायाम?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र नीट समजून घ्यायला हवं. काम आणि व्यायाम यांत घाम सारखाच निघतो. तरी लावणीत पाठ तासन्‌तास एकाच कोनात वाकलेली राहते. आवण खणायचं, चिखलणी, लावणी असं काही आठवडे अंगावर पडतं आणि मग कापणीपर्यंत भार उतरतो. डोक्यावरचा भारा वाहताना मान आणि कणा दबतात, पण खांद्यामागचे ओढण्याचे स्नायू जवळजवळ वापरात येत नाहीत. कामात विश्रांती मालकाच्या किंवा पावसाच्या मर्जीवर असते, आणि थकलेल्या स्नायूला भरून निघायला लागणारं अन्न घरात असेलच असं नाही. व्यायामात भार मोजलेला असतो. तो थोडा थोडा वाढवला जातो, मग अंगाला दोन दिवस सावरायला मिळतात, आणि ज्या हालचाली कामात होत नाहीत त्या मुद्दाम केल्या जातात. काम शरीराकडून ताकद मागतं, व्यायाम ती देतो. म्हणून राबणाऱ्या माणसाला उलट त्याची गरज जास्त आहे, फक्त प्रमाण वेगळं.

वयाबरोबर नेमकं काय होतं? तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा काही हिस्सा कमी होत जातो. साधारण ३ ते ८ टक्के असा अंदाज शास्त्रज्ञ देतात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद मात्र स्नायूंच्या आकारापेक्षा लवकर उतरते, कारण झटक्यात जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात. हे बघायचं असेल तर लग्नाच्या पंगतीत बघावं. जेवण झाल्यावर विशीतला मुलगा मांडी सोडतो आणि उभा राहतो. पन्नाशीतला माणूस आधी इकडेतिकडे पाहतो, एक हात जमिनीवर टेकतो, दुसरा गुडघ्यावर, कंबर आधी वर घेतो, मग धड सरळ करतो. मधे क्षणभर थांबतो. त्या थांबण्याला आपण ‘वय झालं’ म्हणतो. प्रत्यक्षात मांडीचे आणि नितंबाचे स्नायू स्वतःच्या शरीराचं वजन एका दमात उचलू शकत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ, आणि हे बऱ्याच अंशी परत मिळवता येतं. बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याच्या सुमारास हाडंही वेगाने विरळ होऊ लागतात, त्यामुळे त्यांच्यासाठी हा काळ आणखी मोलाचा.

महाराष्ट्राला बलोपासना नवी नाही. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये नेले आणि त्यावर पुस्तकं लिहिली. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा सुरू केला. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे देशी खेळ करून दाखवले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांचं महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम, दोन्ही १९२४ चे. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांची परंपरा होती, आणि तिथूनच दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोश काढला. आजच्या व्यायामाच्या पुस्तकांपैकी फार थोड्यांना त्याची उंची गाठता आली आहे.

या परंपरेने आपल्याला जोर, बैठका, नमस्कार, मुद्गल, करेला, वेताचा आणि पुरलेला मल्लखांब एवढं प्रचंड भांडार दिलं. तिचा गुण म्हणजे महागड्या साधनांवाचून काम भागतं. मर्यादा अशी की भार वाढवण्याऐवजी संख्या वाढवली जाते. शंभर बैठका मारणाऱ्याचा दम वाढतो, पण ताकद एका ठिकाणी थांबते आणि चाळिशीतला गुडघा त्या शंभरात कुरकुरू लागतो. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. हे सगळं विशीतल्या तरुण पुरुषासाठी घडलं. देश पारतंत्र्यात होता, तरुण घडवायचे होते, ते त्या काळाचं कर्तव्यच होतं. पण तालमीची ती सवय पुढेही टिकली. आपल्या भागातली कबड्डीची मंडळंच पाहा. मैदानात उतरलेला गडी तिशीपर्यंत पोलादासारखा असतो. लग्न होतं, मुलं होतात, खेळ सुटतो, खुराक सुटत नाही. आणि बाई? तिला तालमीचा उंबरठाच नव्हता.

योगाची वाट निराळी. लवचीकपणा, श्वास, तोल आणि मनाची शांतता यांसाठी मी ती प्रत्येकाला सुचवतो. मात्र नुसत्या आसनांनी म्हातारपणी पुरेल इतका स्नायू उभा राहतो, असं मला वाटत नाही. भार वाढत नाही तिथे स्नायूला वाढण्याचं कारण मिळत नाही.

भार पायरीपायरीने वाढवण्याचं तत्त्व आधुनिक वैद्यकात रुजवलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी. जखमी सैनिकांच्या पायांना त्यांनी मोजून वजनं उचलायला लावली आणि माणसं लवकर उभी राहिली. पुढे मात्र जगाचं लक्ष हृदयाकडे गेलं. १९६८ मध्ये केनेथ कूपर यांचं ‘एरोबिक्स’ आलं आणि धावणं-चालणं म्हणजेच व्यायाम असं समीकरण पक्कं झालं. आपल्याकडचा मॉर्निंग वॉक हा त्याचाच नातलग. वजनं उचलणं शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा आणि मुंबई-ठाण्याच्या जिमपुरतं उरलं. भिंतीवर तेल लावलेल्या दंडांची पोस्टरं असलेल्या त्या खोलीत अठ्ठेचाळीस वर्षांची अंगणवाडी सेविका पाऊल टाकणार तरी कशी?

चित्र पालटायला सुरुवात झाली १९८९-९० च्या सुमारास. आयर्विन रोझेनबर्ग यांनी वयोमानाने होणाऱ्या स्नायूंच्या ऱ्हासाला सार्कोपेनिया हे नाव दिलं, आणि वैद्यक त्याकडे स्वतंत्र प्रश्न म्हणून पाहू लागलं. १९९० मध्ये मारिया फिआतारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या अतिशय अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांचा भारी वजनांचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! या विषयातला दुसरा कुठलाही अभ्यास मला याहून धीर देणारा वाटत नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणखी एक अभ्यास आला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली. हाडं मोडतील अशी भीती घातली जात होती. प्रत्यक्षात त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुधारली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल सांगितली आहे, आणि तिच्या जोडीला आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही. आपल्याकडे पहिली सूचना घरोघरी पोचली. दुसरी वाटेतच राहिली.

आपल्या माणसांसाठी हा विषय का तातडीचा आहे, हे पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून कळतं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं छापली. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली ठेवण त्यांनी अनेक वर्षं पुण्याजवळच्या गावांत अभ्यासली आहे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर ओढून घेणारं सगळ्यांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान असेल तर साखर रक्तातच फिरत राहते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आला. आटगावच्या सडपातळ माणसाला ‘तू तर बारीकच आहेस, तुला काय होणार’ असं सांगणं म्हणूनच धोक्याचं आहे. ज्याला जिमवाले टोनिंग म्हणतात त्याचंही रहस्य इथेच आहे. स्नायू थोडा भरला आणि त्यावरची चरबी थोडी उतरली की अंग आखीव दिसतं. त्यासाठी वेगळी युक्ती नाही, आणि पोटाचे शंभर व्यायाम केल्याने पोटावरचीच चरबी जाते हेही खरं नाही.

आता आहार. इथे तर पंथांची गर्दी आहे. तालमीचा जुना खुराक दूध, तूप, बदाम, थंडाईचा. दिवसाला तासन्‌तास मेहनत करणाऱ्या पैलवानासाठी तो बरोबर होता, खुर्चीतल्या माणसासाठी नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवण्याची पद्धत महाराष्ट्रभर नेली. सतत चरत राहण्याची सवय तिने अनेकांची मोडली, हे तिचं मोठं श्रेय. पण मुळात अर्धपोटी असलेल्या कष्टकरी बाईने ती उचलू नये, आणि साखरेची औषधं घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. ऋजुता दिवेकरांनी २००९ च्या पुस्तकापासून घरच्या, आपल्या मातीतल्या अन्नाला पुन्हा मान मिळवून दिला. मला हा विचार सगळ्यांत जवळचा वाटतो. त्यात एक भर मात्र घालावी लागते. आपलं म्हणून जे ताटात आहे ते सगळं पुरेसं नसतं, त्यातून निवडावं लागतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वय वाढलेल्या आणि व्यायाम करणाऱ्या माणसाला याहून थोडी जास्त, किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत, असं अनेक तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे गणित बदलतं. आता आपल्या ताटाकडे पाहू. वाटीभर पातळ आमटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिनं असतात. बाकी बहुतेक भात. म्हणजे दिवसाअखेर अनेकांची बेरीज तुटीचीच निघते. ती भरून काढायला डबाबंद पावडर लागत नाही. त्याच संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात अशा पावडरी टाळायला सांगितलं आहे. आपल्याकडे वालाचं बिरडं आहे, मोड आलेले मूग आहेत, हरभरा-तूर आहे, मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम आहेत, एका अंड्यात सहा. सुकट आणि सुके बोंबील म्हणजे तर प्रथिनांचा खजिना. फक्त मीठ जास्त असतं म्हणून ते भिजवून धुऊन घ्यावेत, रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच. माळकरी घरात बिरडं, मूग, दही-ताक आणि शेंगदाणा यांवर भर द्यावा. नाचणीच्या भाकरीत कॅल्शियम भरपूर. पावसाळ्यातली कंटोळी, टाकळा, भारंगी, कुर्डू या रानभाज्या तर फुकट मिळणारं वैभव आहे, आणि त्या खाणं हे गरिबीचं लक्षण मानणाऱ्या नव्या पिढीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. भात सोडायचा नाही. तो ताटाच्या पाव भागावर आणायचा आणि मोकळ्या जागेत डाळ-कडधान्य नि भाजी घ्यायची. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यावर दिवस काढू नये, तो निव्वळ पिष्ट आहे. वरई आणि दाण्याची आमटी कधीही चांगली.

या पार्श्वभूमीवर हे पुस्तक काय करू पाहतं? जिम नसलेल्या गावात, साडी नेसून, अंगणात करता येईल असा व्यायाम ते मांडतं. सगळी रचना पाच हालचालींवर उभी आहे : बसून उठणं, जमिनीवरून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि वाहून नेणं. वजनासाठी प्रत्येक घरात सापडणारा पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घेतला आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन मोजायला काटा लागत नाही. पहिल्या आठवड्यात दोन लिटर भरायचं. कॅन दोन पायांच्या मधे ठेवायचा, गुडघे थोडे वाकवून कंबर मागे न्यायची, पाठ सपाट ठेवायची, मूठ आवळायची आणि टाचांनी जमीन ढकलत उभं राहायचं. दहा वेळा करताना शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट पडले पाहिजेत. बारा वेळा सहज जमू लागलं की अर्धा लिटर पाणी वाढवायचं. कॅन भरला की दोन कॅन घ्यायचे. हाच क्रम ओढण्याला, हाच खांद्यावर ढकलण्याला. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी पस्तीस-चाळीस मिनिटं.

सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत आरशात फारसा फरक दिसणार नाही. ताकद मात्र वाढते, कारण आधी मज्जासंस्था आहे त्या स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते. स्नायूंची वाढ त्यामागून येते. बहुतेक माणसं नेमकी याच टप्प्यावर सोडून देतात, म्हणून प्रगती वजनकाट्यावर मोजू नका असं मी पानोपानी सांगितलं आहे. कंबरेला दोरी लावून माप घ्या, कॅनमधलं पाणी लिहून ठेवा, खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा हात न टेकता उठता ते मोजा.

या पुस्तकात महिन्याभरात पोट उतरवण्याचं वचन नाही, औषधं बंद करण्याचा सल्ला नाही, आणि कुपोषणाचा प्रश्न व्यायामाने सुटेल असा दावाही नाही. ज्या पाड्यावर पोटभर अन्न नाही तिथे आधी रेशन, अंगणवाडीचा आहार आणि रोजगार पोचायला हवा. व्यायामाचा क्रम त्यानंतरचा.

वाचकाला एक विनंती आहे. सुरुवात करण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, सांधा सुजलेला असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. बाकी सगळ्यांनी पुस्तक पूर्ण वाचून होण्याची वाट पाहू नये. घरातली एक भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्या आणि आजच दहा वेळा बसून उठा. आणि घरातल्या बाईला सोबत घ्या, कारण तिला आजवर कुणी बोलावलेलंच नाही.